नाडीची लय, ताटातले अन्न आणि डॉक्टरची गोळी



आपल्या या पत्रिकेत बहुधा बेणे, खते, खोडव्याची निगा आणि तोडणीचा कार्यक्रम यांचीच माहिती येते. ती हवीच. पण उसाची निगा राखणारा माणूस धडधाकट असेल तरच ऊस. म्हणून या खेपेस एका आजाराविषयी चार शब्द लिहितो. लिहिणारा डॉक्टर नाही. उर्से गावचा एक ऊस उत्पादक सभासद आहे. आमच्या घरात जे घडले ते दुसऱ्याच्या घरात घडू नये, एवढाच हेतू.

आमचे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय तेव्हा सदुसष्ट. रात्रीच्या पाळीचे पाणी धरायला स्वतः जात. एके पहाटे शेतावरून आले ते छातीवर हात धरूनच. "आत कोंबडं फडफडतंय रे," म्हणाले. घरच्यांनी पित्त म्हणून सोडा दिला. दोन दिवसांनी पुन्हा तेच, आणि जिना चढताना दम लागू लागला. तळेगावला नेऊन ई.सी.जी. काढला तेव्हा कळले, की नानांच्या हृदयाची लय बिघडली आहे. या आजाराला डॉक्टर मंडळी एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, थोडक्यात ए. एफ.

हा आजार म्हणजे काय?

हृदयाला चार कप्पे. वरचे दोन कप्पे रक्त गोळा करून खालच्या दोन कप्प्यांत ढकलतात आणि खालचे ते जोराने अंगभर फेकतात. गव्हाणीतून मोळी एका चालीने मिलमध्ये गेली की गाळप नीट होते, तसेच हे. वरच्या कप्प्याला विजेचा एक इशारा मिळतो, तो आकुंचन पावतो, मग खालचा. विसावा घेतलेल्या माणसात हे मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा चालते.

ए. एफ. मध्ये वरच्या कप्प्यांत एका इशाऱ्याऐवजी मिनिटाला 350 ते 600 इशारे सैरावैरा सुटतात. कप्पा आकुंचन पावायचे सोडून नुसता थरथरतो. त्यातले काही इशारे खाली पोचतात, तेही वेळीअवेळी. म्हणून नाडी जलद तर लागतेच, पण कशीही लागते. एक ठोका लवकर, दुसरा उशिरा, एक जोराचा, दुसरा लागलाच नाही. धडधड, दम, थकवा, चक्कर ही लक्षणे. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही, आणि धोका तिथेच जास्त.

खरा धोका धडधडीचा नाही. मिल बंद पडली आणि रस कोपऱ्यात साचून राहिला तर त्याचे काय होते, हे कारखान्यात काम केलेल्याला सांगायला नको. तो आंबतो, चिकट होतो, गाठी धरतो. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. कप्पा नुसता थरथरत राहिला की तिथले रक्त साचते आणि गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी वर्षानुवर्षे लोकांची पाहणी झाली. तीत ए. एफ. असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असल्याचे दिसले.

हा येतो कोठून?

वय हे एक कारण. दुसरे, वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब. मग वजन, मधुमेह, थायरॉइड, दारू, आणि झोपेत घोरता घोरता श्वास अडकणे. आपल्या देशात आणखी एक कारण आहे. लहानपणी घसा वारंवार सुजून संधिवाताचा ताप येतो, तो सांधे सोडतो पण हृदयाची झडप धरतो. झडप अरुंद झाली की वरचा कप्पा फुगतो आणि चाळिशीच्या आतच लय बिघडते. म्हणून पोराचा घसा दुखून ताप आला आणि सांधे सुजले, तर ते अंगावर काढू नका.

"नैसर्गिक" औषधाची गोष्ट

नानांना डॉक्टरांनी ठोक्यांचा वेग आवरण्याची गोळी दिली आणि रक्त पातळ ठेवणारी दुसरी दिली. चार महिने बरे चालले. मग एका सोयऱ्याने सांगितले, "या गोळ्या म्हणजे विष. झाडपाल्याने मुळासकट जातं." नानांनी काढा सुरू केला आणि गोळ्या बंद केल्या. घरात कुणाला सांगितले नाही. तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहाची बशी हातातून गळाली. तोंड वाकडे, शब्द बोबडे. वेळेवर नेले म्हणून वाचले. पण उजव्या हाताची पकड आजही पुरती आलेली नाही. ज्या हाताने चाळीस वर्षे कोयता धरला, त्या हाताने आता भाताचा घास नीट उचलवत नाही.

सोयऱ्याला दोष देऊन काय उपयोग? त्याने चांगल्या मनानेच सांगितले. पण "नैसर्गिक ते निर्धोक आणि गोळी म्हणजे विष" ही समजूतच चुकीची आहे, हे शेतकऱ्याला तरी कळायला हवे. कारण या रोगाची जुनी औषधे शेतातून आणि रानातूनच आली आहेत.

1920 च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शोध घेता कळले, की त्यांनी बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाल्ला होता. 1933 साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठणारे रक्त आणि तो चारा गाडीत घालून बर्फातून विद्यापीठात गेला. तिथल्या कार्ल लिंक या शास्त्रज्ञाने काही वर्षे खपून त्यातले द्रव्य वेगळे काढले. त्यावरून पुढे वॉरफॅरिन तयार झाले. 1948 मध्ये ते आधी उंदीर मारायला बाजारात आले, आणि 1954 पासून माणसांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देऊ लागले. उसातल्या उंदरांसाठी आपण जे ब्रोमॅडिओलोन वापरतो, ते याच कुळातले. म्हणजे तेच द्रव्य, मात्रा चुकली तर विष आणि मापात घेतले तर जीवदान.

दुसरी गोष्ट क्विनीनची. 1912 साली वेंकेबाख या डॉक्टरांकडे एक डच व्यापारी आला. मलेरियासाठी ठेवलेली क्विनीन घेतली की आपली बिघडलेली नाडी ठिकाणावर येते, असे तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तसे करून दाखवले. क्विनीन निघते ती सिंकोना झाडाच्या सालीतून. तिच्यातल्याच क्विनिडीनचा पुढे औषध म्हणून उपयोग झाला. पण तेही मात्रेबाहेर गेले तर हृदयालाच बाधते असे दिसून आले.

आणि बांधावरची बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर? हृदयावर काम करणाऱ्या डिगॉक्सिन या औषधासारखीच द्रव्ये तिच्या बियांत असतात. पण तिथे माप नसते, म्हणून ती जीव घेते. तेव्हा प्रश्न झाडाचा की कारखान्याचा, हा नाहीच. प्रश्न मापाचा आहे.

मग खाण्यापिण्याने काहीच होत नाही का?

होते, आणि पुष्कळ होते. पण ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

*वजन.* ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे ए. एफ. असलेल्या 355 स्थूल माणसांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांनी आपले वजन शेकडा 10 किंवा अधिक उतरवले, त्यांच्यातले शंभरातले सुमारे 46 जण लयीचे औषध वा शस्त्रक्रिया यांवाचून या त्रासातून मोकळे राहिले. ज्यांचे वजन शेकडा 3 देखील उतरले नाही, त्यांच्यात हे प्रमाण 13 होते. नव्वद किलोच्या माणसाने नऊ किलो उतरवायचे, एवढाच हिशेब. पण उतरवून पुन्हा चढवले तर लाभ कमी होतो.

*दारू.* ऑस्ट्रेलियातच नियमित पिणाऱ्या 140 रुग्णांपैकी निम्म्यांना दारू सोडायला सांगितले. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी शेकडा 73 जणांना त्रास उलटला, सोडणाऱ्यांपैकी 53 जणांना. सण, लग्न, यात्रा यांत एकदम बरीच पिऊन लय बिघडते, तिला तर डॉक्टरांनी 1978 मध्ये "सुटीतले हृदय" असे नावच दिले.

*मीठ.* रक्तदाब आवरला की वरच्या कप्प्यावरचा ताण कमी होतो. लोणचे, पापड, सुकट, फरसाण आणि ताटात वरून घेतलेले मीठ, हे आधी कमी करा.

*चहा-कॉफी.* पूर्वी सगळ्यांना सरसकट बंद सांगत. 2025 मध्ये 200 रुग्णांवरील चाचणीत कॉफी पिणाऱ्यांना त्रास उलटण्याचे प्रमाण शेकडा 47 आणि न पिणाऱ्यांना 64 निघाले. तेव्हा दिवसाला एक-दोन कप ज्याला सोसतात त्याने भ्यायचे कारण नाही. ज्याला धडधडते त्याने सोडावे. चहातली साखर मात्र मोजा. आपण साखरवाले असलो तरी हे सांगणे भाग आहे. गूळ आणि काकवी यांनाही हाच नियम. मधुमेह्याला गूळ चालतो, हा भ्रम आहे.

*पोटॅशियम आणि मॅग्नेशियम.* ही द्रव्ये रक्तात फार कमी झाली की लय बिघडू शकते. जुलाब, उलटी, लघवीची गोळी यांनी ती उतरतात. नाचणी, बाजरी, हुलगे, मटकी, तीळ, शेंगदाणे, केळी, शहाळे यांतून ती मिळतात. इंद्रायणी भात 1987 साली आपल्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून आला, त्याचा अभिमान आहेच. पण दोन्ही वेळच्या ढीगभर भातापेक्षा एका वेळी नाचणीची भाकरी व उसळ बरी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र शहाळे-केळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गोळ्या-पावडरी स्वतःच्या मनाने आणू नयेत. मासळी ताटात चांगली. पण माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी ए. एफ. चा धोका उलट वाढतो, असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे.

*पालेभाजी.* वॉरफॅरिन वा त्याच जातीची गोळी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मेथी, पालक, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व असते. ते गोळीच्या उलट काम करते. म्हणून भाजी सोडू नका, पण प्रमाण एकसारखे ठेवा. पावसाळ्यात रोज जुडी आणि उन्हाळ्यात पानही नाही, असे करू नका. आय. एन. आर. ही रक्ताची तपासणी सांगितल्या वेळी करा. नव्या जातीच्या गोळ्यांना हे पथ्य नाही. पण संधिवाताने झडप अरुंद झालेल्यांना जुनी गोळीच अधिक हिताची, असे 2022 च्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांचाही तीत पुढाकार होता. तेव्हा शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नये.

*योग.* हा तर आपल्या मावळचाच विषय. लोणावळ्याच्या कैवल्यधाम आश्रमात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. नुसत्या श्रद्धेवर न ठेवता मोजून पाहायचे, हा त्यांचा बाणा. 2013 साली अमेरिकेत ए. एफ. च्या 49 रुग्णांनी तीन महिने शिक्षकाच्या देखरेखीखाली योग केला. त्रासाच्या खेपा सरासरी 3.8 वरून 2.1 वर आल्या, मनाची धास्तीही कमी झाली. पाहणी लहान आहे, तरी दिशा चांगली आहे. दीर्घ श्वास आणि साधी आसने करावीत. श्वास कोंडून जोर लावू नये.

*झोप.* आपल्याला शेतीची वीज अन् पाणी रात्री-अपरात्री असते, हे खरे. पण साठीपुढच्या माणसाला पाळीला पाठवू नका. घोरणाऱ्याला झोपेत श्वास अडकल्यासारखे होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

काढा, चूर्ण आणि दुखण्याच्या गोळ्या

अर्जुनसालीचे नाव हृदयासाठी पूर्वापार आहे. पण ती ए. एफ. थांबवते वा गुठळी टाळते, असे सिद्ध झालेले नाही. जेष्ठमध फार दिवस घेतल्यास पोटॅशियम उतरते, आणि डिगॉक्सिन घेणाऱ्याला ते घातक ठरते. लसूण-हळदीच्या दाट अर्काच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. फोडणीतली लसूण-हळद खुशाल खा. कंबरदुखीसाठी दुकानातून आणतो त्या गोळ्याही तशाच. तोडणीच्या दिवसांत त्या आपण फुटाण्यासारख्या खातो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ॲस्पिरिन हीही तिची बदली नव्हे.

सभासदांनी एवढे करावे

1. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहावी. ठोके अनियमित लागले तर ई.सी.जी. काढून घ्यावा. खर्च फार नाही.
2. रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तरी तपासावी.
3. काढा, चूर्ण जे घेत असाल ते डॉक्टरांना न लाजता सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये. परवडत नसेल तर तसेही सांगावे, मार्ग निघतो.
4. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, यातले एकही दिसले तर कांदा हुंगवत बसू नये. 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. लक्षण किती वाजता दिसले ते लक्षात ठेवावे, आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

उर्से टोलनाक्यावरून रोज हजारो गाड्या पुणे-मुंबईला धावतात, पण आमच्या घरात त्या सकाळी गाडी शोधण्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास नानांच्या हाताने फेडला. आता ते रोज सकाळी गोळी घेतात, नाचणीची भाकरी खातात, बांधापर्यंत चालून येतात. काढाही घेतात, पण डॉक्टरांना दाखवून. परवा मला म्हणाले, "उसाला पाणी चुकलं तर खोडव्यात भरून निघतं. माणसाला खोडवा नसतो."

याहून अधिक मी काय सांगणार? आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांचे मनगट एकदा हातात घ्या, इतकेच सुचवावेसे वाटते.

— एक सभासद, उर्से