थंडी आणि सीडीची तबकडी

कडाक्याच्या थंडीत तोरणमाळ, डाबकडे दव गोठते. मग पेटीतल्या लग्नाच्या सीडीचे काय? नुसत्या थंडीने तिचे काही बिघडत नाही. ती १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची चकती. वर ॲल्युमिनियमचा पातळ थर. खरी खोड ओलीची. गारठलेली तबकडी एकदम उबेत आणली, की गार पाण्याच्या तांब्यासारखा तिला घाम फुटतो अन् चित्र अडकते. मशीनच्या भिंगाचेही तेच. म्हणून डबीतच तासभर राहू द्यावी. शेकोटीजवळ मुळीच नको, वाकेल! ओल दिसलीच तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल नव्हे. छापील बाजू जास्त जपावी. चित्र-आवाज साठवलेला थर तिच्याच लगत खाली असतो. तिकडचा ओरखडा पुसून जात नाही.