नादियाचे घोडे आणि पुढचा माणूस

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची नादिया साडेतीन वर्षांची असतानाच बॉलपेनने घोडे काढू लागली. उधळलेले, मान वळवलेले, समोरून अंगावर येणारे. या वयाची मुलं पोटाच्या गोळ्याला चार काड्या जोडतात. नादियाच्या घोड्यांना वजन होतं, वेग होता. बोलायला मात्र मोजकेच शब्द. मानसशास्त्रज्ञ लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि स्वमग्न मुलांमधल्या अशा विलक्षण, एकमार्गी कौशल्याचं, म्हणजे ‘सॅव्हंट’ क्षमतेचं, ती ठळक उदाहरण ठरली. पुढे तिला थोडं बोलता येऊ लागलं आणि चित्रं ओसरली. एकामुळे दुसरं गेलं का, यावर अजून एकमत नाही.

१९९४ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये शोव्हेची गुहा सापडली. तिच्या भिंतींवर तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे घोडे, सिंह, गेंडे आहेत. मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री यांनी १९९८ मध्ये ही चित्रं नादियाच्या चित्रांशेजारी ठेवली. एकमेकींवर चढलेल्या रेषा तशाच, नजरही तशीच अचूक. त्यांनी काढलेला अर्थ मात्र अनेकांना रुचला नाही: चित्र उत्तम आहे एवढ्यावरून चित्रकाराचं मन आपल्यासारखं, भाषेत विचार करणारं होतं असं म्हणता येत नाही. गुहेतली माणसं काय बोलत होती याचा पुरावा कोण आणणार? तरीही मला हा तर्क मोलाचा वाटतो. स्वमग्नता म्हणजे संगणकयुगासाठी घडणारा ‘पुढचा माणूस’ असं हल्ली कुणीही सांगतं. हम्फ्रींचं बोट तर मागे दाखवतं.

उत्क्रांतीला मुळात पुढची पायरी ठाऊक नसते. जास्त संतती मागे ठेवणारे गुण पसरतात, तेही अनेक पिढ्यांत. संगणक घरोघरी येऊन किती पिढ्या झाल्या? स्वमग्नतेची निदानं वाढली ती मुख्यतः व्याख्या रुंदावली आणि पालक-शिक्षक सजग झाले म्हणून. स्वमग्नतेशी शेकडो जनुकांचा संबंध आहे, आणि त्यांतले बरेच बारीक फरक तुमच्या-माझ्यातही विखुरलेले आहेत.

नेदरलँड्समधला एक अभ्यास मात्र विचारात पाडतो. फिलिप्सचं माहेर असलेल्या, तंत्रज्ञांनी गजबजलेल्या आइंटहोवेनमध्ये शाळांनी दर दहा हजार मुलांमागे २२९ स्वमग्न मुलं नोंदवली. हार्लेममध्ये ८४, उट्रेख्टमध्ये ५७. तांत्रिक डोक्याचे आईबाप एका गावात जमल्याचा हा परिणाम असू शकतो, किंवा तिथे निदान अधिक होत असेल. पण हे माणसांचं एका जागी जमणं झालं, नव्या माणसाचा जन्म नव्हे.

स्वमग्नांच्या कौशल्याचा उपयोग उद्योगांना आधी कळला. डेन्मार्कची ‘स्पेशलिस्टर्ने’ २००४ पासून स्वमग्न व्यक्तींना सॉफ्टवेअर तपासणीचं काम देते. काम उत्तमच. मात्र सॅव्हंट कौशल्य स्वमग्नांपैकी साधारण दहातल्या एकात असतं, असं मानलं जातं. ज्याला बोलता येत नाही, कचेरीतला गोंगाट सोसत नाही आणि तारखांचं गणितही जमत नाही, त्याच्यासाठी नोकरीची जाहिरात अजून निघायची आहे.