ब्रेक सुटेना? पार्ट बदलण्याआधी हे वाचा!

धरणगावहून एरंडोलला निघालेली जुनी गाडी ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही. उतरून पाहावं तर एका चाकाशी लायनर जळाल्याचा वास. ब्रेक जाम! दुखणं नेमकं कुठे आहे हे कळलं, तर निम्मा खर्च वाचतो.

जोर हवेचा!
पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधली हवा इंजिन ओढून घेतं, म्हणजे तिथे व्हॅक्यूम तयार होतो. पेडल दाबलं की बूस्टरमधल्या पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि ढकलायला लागते. 23 सेंटिमीटरच्या बूस्टरमध्ये हा जोर पावणेतीनशे किलोच्या घरात जातो!

रेल्वेचा उलटा कारभार
धरणगाववरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ मार्गावरही एकेकाळी व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या धावत. तिथे व्हॅक्यूम गेला की ब्रेक लागायचा. मोटारीत मात्र व्हॅक्यूम ब्रेक लावायला हात देतो.

डिझेलला वेगळा पंप
डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून वेगळा पंप असतो. अनेक जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला दिसेल.

ब्रेक ऑइल पाणी पितं
नवं डॉट 3 ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात जेमतेम पावणेचार टक्के पाणी मुरलं की हाच आकडा 140 पर्यंत उतरू शकतो. वर त्या ओलाव्याने पिस्टन गंजतो आणि अडकतो.

निपलला विचारा
चाक जाम असतानाच, बाकीच्या चाकांना अडसर लावून, गाडी जॅकवर घ्या. डोळे सांभाळून ब्लीडिंगचं निपल सैल करा. चिळकांडी उडून चाक मोकळं फिरलं, तर ऑइलचा दाब अडकलाय. एकच चाक असेल, तर रबरी होज आतून फुगून बंद झाल्याची शंका घ्या. निपल उघडूनही चाक हलेना? मग पुढे कॅलिपरचा पिस्टन आणि पिना, मागे हँडब्रेकची केबल तपासा.

मिलिमीटरचा खेळ
सगळीच चाकं धरत असतील, तर मास्टर सिलिंडर बूस्टरपासून किंचित सैल करून बघा. चाकं सुटली, तर बूस्टरचा दांडा लांब पडतोय. मास्टर सिलिंडरमधलं ऑइल परतायचं बारीक भोक त्यामुळे उघडतच नाही. ऑइल तापून फुगतं आणि पाय न लावताही ब्रेक आवळत जातो.

पाइप काढा, निकाल घ्या
इंजिन बंद करून बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप काढल्यावर ब्रेक सुटला, तर बूस्टरच्या आतला व्हॉल्व्ह अडकलाय.

ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका; रबर फुगून सगळेच ब्रेक धरतात. तपासणी झाली की नट आवळा, ब्लीडिंग करा आणि मोकळ्या जागेत ब्रेक मारून बघा. जाम चाकाने गाडी गावापर्यंत ओढत नेऊ नका. मिस्तरीलाच गाडीपाशी बोलवा.