परिवीक्षा

परिवीक्षा : अपराध शाबीत झालेल्या व्यक्तीस कारावासात न धाडता, चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर आणि बहुधा एखाद्या अधिकाऱ्याच्या पर्यवेक्षणाखाली समाजातच राहू देण्याची न्यायालयीन पद्धती. नोकरीतील चाचणी-काळासही हीच संज्ञा लावतात. येथे फौजदारी न्यायातील अर्थच अभिप्रेत आहे. कैद्यास मिळणारी संचित रजा किंवा अभिवचन रजा ही शिक्षा भोगत असताना मिळते. परिवीक्षेत तुरुंगवासच टळतो. मात्र तिचा अर्थ निर्दोष सुटका असा होत नाही. दोष कायम राहतो, शिक्षा तेवढी राखून ठेवली जाते.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील बॉस्टन येथे झाला. जॉन ऑगस्टस या चर्मकाराने १८४१ मध्ये एका मद्यपीची हमी घेऊन त्यास न्यायालयातून सोडवून आणले. मॅसॅचूसेट्स राज्याने १८७८ मध्ये आणि इंग्लंडने १९०७ मध्ये यासाठी कायदे केले. भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२ व्या कलमान्वये प्रथम अपराध्यास सोडता येत असे. पण त्याच्याकडे लक्ष ठेवणारा व त्यास आधार देणारा अधिकारी त्या योजनेत नव्हता. मध्य प्रांत व वऱ्हाड (१९३६) आणि मुंबई प्रांत (१९३८) यांनी स्वतंत्र कायदे केले. त्यामुळे आजच्या महाराष्ट्राचा बराचसा भाग केंद्रीय कायद्यापूर्वीच परिवीक्षेशी परिचित होता. सध्या १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम हा तिचा मुख्य आधार आहे.

या अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे चोरी, फसवणूक यांसारख्या काही अपराधांत किंवा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र अपराधांत पूर्वी दोषी न ठरलेल्या व्यक्तीस समज देऊन सोडता येते. कलम ४ अधिक व्यापक आहे. मृत्युदंड वा आजन्म कारावास यांस पात्र नसलेल्या अपराधांत अपराध्यास जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर मुक्त करता येते. पर्यवेक्षणाचा आदेश दिल्यास त्याची मुदत किमान एक वर्ष असते. वास्तव्याचे ठिकाण, मद्यापासून अलिप्तता इ. अटी त्यात घालता येतात आणि कलम ५ प्रमाणे पीडितास भरपाई देवविता येते. अपराध्यास किंवा त्याच्या जामीनदारास न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात निश्चित निवासस्थान किंवा नियमित व्यवसाय असावा, ही कलम ४ ची अट वरकरणी साधी दिसते. परंतु पदपथावर राहणारा मजूर किंवा गावोगाव फिरणाऱ्या जमातीतील तरुण तिच्यापाशीच अडतो.

या सर्व व्यवस्थेचा कणा परिवीक्षा अधिकारी होय. तो अपराध्याच्या घरी जातो, कुटुंबीय, शेजारी, मालक यांच्याशी बोलतो आणि त्याची पार्श्वभूमी न्यायालयापुढे मांडतो. हा अहवाल गोपनीय असतो. मात्र न्यायालय त्याचा सारांश अपराध्यास सांगून त्यावर पुरावा देण्याची संधी देऊ शकते. पुढे पर्यवेक्षण करणे, योग्य काम मिळवून देण्यास झटणे आणि भरपाई फेडण्यास साहाय्य करणे हीही त्याचीच कर्तव्ये. दंडाधिकाऱ्यास आरोपी दिसतो तो पिंजऱ्यातील काही मिनिटांपुरता. त्याचे घर त्यास दिसते ते या अहवालातूनच. अहवाल पोलिसांच्या कागदांची नक्कल असेल, तर परिवीक्षा नावापुरतीच उरते. महाराष्ट्रात जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटनांनी निरीक्षणगृहे चालवून या कार्यास जोड दिली आहे. बाल न्याय कायद्याखालील सामाजिक चौकशीचे कामही परिवीक्षा अधिकाऱ्याकडे येते, हे त्याच्या कार्यभाराचा विचार करताना विसरता येत नाही.

एकवीस वर्षांखालील अपराध्यासाठी कलम ६ विशेष महत्त्वाचे आहे. अपराध आजन्म कारावासास पात्र नसेल, तर न्यायालयाने त्यास सहसा कैद देऊ नये, दिल्यास कारणे नोंदवावीत आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असा हा दंडक आहे. रामजी मिसर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये असे ठरविले, की वय मोजावयाचे ते अपराधाच्या दिवसाचे नव्हे, तर कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरविले त्या दिवसाचे. याचा परिणाम असा, की एकोणिसाव्या वर्षी पकडलेल्या मुलाचा खटला तीन वर्षे रेंगाळला, तर त्याचा काहीही दोष नसताना हे संरक्षण त्याच्या हातून निसटते. कलम ४ चा मार्ग त्यास मोकळा असतो. पण तो न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून राहतो. रतनलाल खटल्यात (१९६४) मात्र त्याच न्यायालयाने अपिलातही हा लाभ देता येतो, असे सांगून सोळा वर्षांच्या मुलास दिलासा दिला. परिवीक्षा शक्य असूनही नाकारल्यास विशेष कारणे नमूद करण्याचे बंधन १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे.

काही अपराध परिवीक्षेच्या कक्षेबाहेर आहेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालील लाचखोरी हे त्यांतील ठळक उदाहरण. अंमली पदार्थांविषयीच्या आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविषयीच्या कायद्यांनी प्रौढांना हा लाभ बहुतांशी नाकारला आहे.

अट मोडल्यास न्यायालय मूळ अपराधाची शिक्षा देऊ शकते. पहिल्याच भंगाबद्दल पन्नास रुपयांपर्यंतचा दंड करून बंधपत्र चालू ठेवण्याची मुभाही आहे. ही रक्कम अर्थातच १९५८ च्या काळातील होय. परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता कलम १२ अन्वये लागू होत नाही. तथापि या कलमाचा आशय मर्यादित आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षीराम खटल्यात स्पष्ट केल्याप्रमाणे दोषसिद्धी पुसली जात नाही. म्हणून सरकारी नोकर परिवीक्षेवर मुक्त झाला, तरी ज्या वर्तनाबद्दल तो दोषी ठरला त्यासाठी त्याच्यावर खात्यामार्फत कारवाई होऊ शकते.