पायदान मागे घेण्याआधी

बीडच्या नगर रोडला संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की आर१५, ड्यूक, एनएस अशा गाड्यांची ये-जा दिसते. त्यातल्या एखादीला लाल किंवा सोनेरी ॲल्युमिनियमचा रिअरसेट बसवलेला असतो. चालवणाऱ्याची दोन पायदानं, पायब्रेक आणि गिअरची दांडी असा हा जोड. कंपनीचा काढून हा लावला की पाय मूळ जागेपेक्षा थोडे मागे आणि थोडे वर जातात, साधारण एक ते पाच सेंटिमीटर. तेवढ्यासाठी लोक दोन-चार हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत मोजतात. माझं मत आधीच सांगतो: रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना याची गरज नसते, आणि ज्यांना खरोखर असते तेही घेताना रंग बघतात, ब्रेकचं पेडल बघत नाहीत.

ही चीज आली शर्यतीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेबाहेर जमणारी पोरं आपल्या गाड्या शर्यतीच्या गाड्यांसारख्या करू लागली. त्यांनी उंच हँडल काढून खाली उतरणारे क्लिप-ऑन लावले. हात पुढे-खाली गेले, धड टाकीवर झुकलं, आणि पाय पुढेच राहिल्याने सगळा भार मनगटांवर येऊ लागला. म्हणून पाय मागे घ्यावे लागले. आधी हँडल, मग पाय, असा तो क्रम होता. आपल्याकडे हँडल रुंद आणि उंचच राहतं आणि पाय तेवढे मागे जातात. मग पाठीला पोक येतो, गुडघे दुमडतात आणि छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या सुमारे १३० किलोमीटरमध्ये चहासाठी तीनदा थांबावं लागतं.

शिवाय कंपन्यांनी यातलं बरंच काम आधीच करून ठेवलंय. चाकणच्या बजाज कारखान्यातून निघणाऱ्या केटीएम आरसी ३९० ची बैठक २०१४ पासून मुळातच मागच्या पायदानांची आहे. रॉयल एनफिल्डने २०१३ च्या कॉन्टिनेन्टल जीटीला तशीच बैठक दिली. टीव्हीएसने २०२१ मध्ये अपाचे आरआर ३१० मागणीनुसार बांधून द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यातल्या रेस किटमध्ये उंच पायदानं होती. तुमच्या गाडीला असा कंपनीचा पर्याय असेल तर आधी तो बघा. तो त्या गाडीच्या मापाचाच असतो.

‘वळणात पायदान घासतं’ हे कारण सगळेच सांगतात. एक हिशेब करू. ३० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० किलोमीटरने गेलात तर गाडी साधारण २३ अंश कलते. तेच वळण ६० ने घेतलं तर ४३ अंश. स्पोर्ट्स गाडीचं पायदान टेकायला चाळिशीच्या आसपासचा कल लागतो. धारूरच्या अरुंद घाटात, जिथे गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत समोर येतात आणि कडेला खडी पसरलेली असते, तिथे पायदान घासत असेल तर दोष पायदानाचा नाही. मांजरसुंब्याचा घाट रुंद आहे, पण तो धुळे-सोलापूर महामार्ग आहे, ट्रॅक नव्हे. गाडी खरोखर कलवायची असेल तर कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. बीडहून दोन्ही लांब पडतात हे खरं, पण म्हणून घाट जवळचा ट्रॅक होत नाही.

तरीही घ्यायचाच असेल, किंवा ट्रॅकवर जायचंच असेल, तर दुकानात सेट हातात घ्या आणि पेडलचं टोक बाजूला हलवून बघा. पेडल आणि गिअरची दांडी ज्या खिळीवर फिरतात तिथे बुश असतो किंवा बेअरिंग. टोकाला नवीन असतानाच हेलकावा जाणवला तर सेट खाली ठेवा. बेअरिंग असेल तर सीलबंद हवं, कारण आपल्याकडची धूळ उघड्या बेअरिंगला एक उन्हाळा टिकू देत नाही. ग्रीस भरता येणारा साधा पितळी बुश मला त्यापेक्षा बरा वाटतो.

ब्रेकचं प्रकरण सगळ्यात नाजूक. डिस्कच्या गाडीत पेडल एका दांड्याने मास्टर सिलिंडर ढकलतं. नव्या सेटवर त्या दांड्याची लांबी पुन्हा लावावी लागते. ती जास्त झाली की पेडलची मोकळी चाल संपते, आतला पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल टाकीत परतायची वाट बंद राहते. घाट उतरताना तेल तापतं, फुगतं आणि पाय न लावताही मागचा ब्रेक धरू लागतो. पॅडॉक स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवलं आणि ते फिरलं, एवढ्यावर समाधान मानू नका. पाच-सहा किलोमीटर ब्रेक मारत जाऊन या आणि पुन्हा फिरवा. ड्रम ब्रेकच्या गाडीला लांब सळई आणि वेगळा हात लागतो, तिथे या भानगडीत पडूच नये. मागचा लाल दिवा लावणारा स्विच जुन्या पेडलला स्प्रिंगने बांधलेला असतो, आणि पुष्कळ स्वस्त सेटमध्ये त्याला जागाच नसते. मग पायब्रेक दाबला तरी मागून येणाऱ्या ट्रकला काहीच कळत नाही. तेलाच्या दाबावर चालणारा स्विच वेगळा घेता येतो. तो बसवल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

गिअरकडे दांडीपासून निघालेली सळई गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या छोट्या हाताला जोडलेली असते. या दोघांत काटकोन हवा. तो बिघडला की पायाचा जोर फुकट जातो, गिअर अर्धवट पडतो आणि ओव्हरटेक करताना मध्येच न्यूट्रल लागतं. छोटा हात दात्यांवर बसलेला असतो. तो काढून एक दाता फिरवला की कोन जमतो, पण बसवणारे घाईत तेवढं करत नाहीत. काही सेटमध्ये गिअर उलटे लावायची सोय असते, म्हणजे पहिला वर आणि बाकीचे खाली. डावीकडे खूप कललेल्या गाडीत पंजा दांडीखाली घालता येत नाही म्हणून शर्यतवाले ते वापरतात. पण घरात एकच गाडी आणि ती भाऊ, वडील, चुलतभाऊ सगळेच नेत असतील, तर उलटे गिअर म्हणजे अपघाताला आवतण.

पायदान दुमडणारं घ्यावं की पक्कं? रस्त्यासाठी दुमडणारंच. पक्कं पायदान जमिनीला टेकलं की चाक उचलू शकतं. शर्यतीतही पायदानाचं टोक किमान ८ मिलिमीटर त्रिज्येचं गोल असावं असा आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाचा नियम आहे. धातूच्या खरखरीत पायदानावर बूट घट्ट बसतो, पण आपल्याकडे निम्मी गाडी चपलेवर चालते. चपलेचा तळ तर फाटतोच, शिवाय कंपनीचं रबर गेल्याने एका सिलिंडरची सगळी थरथर पोटऱ्यांत येते.

जाहिरातीत ६०६१, ७०७५ असे ॲल्युमिनियमचे आकडे असतात. दोन्ही चांगले, आणि दुकानात दोन्ही ओळखू येत नाहीत. त्यापेक्षा सुटं पायदान, सुटं टोक, सुटी दांडी मिळते का ते विचारा. गाडी पडली की आधी हीच मोडतात, आणि एका पायदानासाठी अख्खा सेट भंगारात जातो. पायदान गावातला लेथवाला घडवून देईल. मोडलेलं पेडल मात्र त्याच्याकडून वेल्डिंग करून घेऊ नका. कडक केलेलं ॲल्युमिनियम वेल्डिंगच्या आचेने नरम पडतं आणि दुसऱ्यांदा तिथेच तुटतं.

आता मागे बसणाऱ्याचं बघू. ट्रॅकसाठीच्या अनेक सेटमध्ये मागची पायदानं नसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्यासाठी धरायची मूठ, पायदान आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून आडोसा सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना लगाम घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याकडे आई दवाखान्यात, बहीण कॉलेजात आणि खताची गोणी शेतात याच गाडीवरून जाते. मागचं पायदान काढलेली गाडी त्या घरात निम्मी निकामी.

बसवून झाल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरने प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण थरथरीने ते सैल होतात. कंपनीचा जुना जोड बोल्टांसकट कापडात गुंडाळून ठेवा. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तोच मागतं.