जास्तीच्या ५३ चमका

रोमहून एड्रियाटिक समुद्राकडे जाणारा ए-२४ महामार्ग लाक्विला शहर मागे टाकतो आणि ग्रान सासो या डोंगराच्या पोटात शिरतो. बोगदा दहा किलोमीटरचा. मालट्रक, सहलीला निघालेली कुटुंबं, सगळी वाहतूक त्यातून धडधडत जाते. बोगद्यातच एका बाजूला एक फाटा फुटतो. तिथून आत वळलं की शंभर-शंभर मीटर लांबीची, देवळाच्या सभामंडपासारखी उंच अशी प्रयोगशाळेची तीन दालनं लागतात. डोक्यावर १,४०० मीटर खडक. जगातल्या अत्यंत शांत जागांपैकी ही एक, आणि तिच्या शेजारून ट्रक जातात.

शांतता अर्थात वेगळ्या जातीची. हाताचा तळवा आभाळाकडे करून एक सेकंदभर धरा. तेवढ्यात साधारण एक म्युऑन त्यातून आरपार गेलेला असतो. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात आणि त्यातून या कणांची अखंड भुरभुर खाली येत राहते. दिवसरात्र, छपरातून, माणसातून. ग्रान सासोच्या दालनात मात्र एका चौरस मीटरवर तासाला जेमतेम एक म्युऑन पोचतो. डोंगराची छत्री हा पाऊस दहा लाख पटींनी कमी करते.

एवढ्या खोल जायचं ते कृष्णद्रव्यासाठी. दीर्घिका ज्या वेगानं फिरतात तो बघता, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या आणि वायूच्या वजनात त्या एकसंध राहायलाच नकोत. काहीतरी त्यांना धरून ठेवतं आहे. विश्वातल्या द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के भाग या न दिसणाऱ्या ‘काहीतरी’चा आहे. ते कणांचं बनलेलं असेल तर ते कण आत्ताही आपल्यातून वाहत असणार. मग त्यातला एखादा कधीतरी एखाद्या अणूला धक्का देईल, या आशेवर पाळत ठेवायची.

ही पाळत ठेवणारं एक यंत्र म्हणजे ‘झेनॉन-वन-टी’. उणे ९५ अंशांच्या आसपास थंड करून द्रवरूप केलेला ३.२ टन झेनॉन एका भांड्यात, ते भांडं पाण्याच्या प्रचंड टाकीत, आणि टाकी डोंगराच्या पोटात. झेनॉनच्या अणूला धक्का बसला की अतिनील प्रकाशाची एक बारीक चमक उठते. धक्क्यानं सुटलेले इलेक्ट्रॉन विजेच्या दाबानं वर ओढले जातात आणि पृष्ठभागावर पोचताच दुसरी चमक उडते. दोन चमकांमधल्या वेळेवरून धक्का किती खोलीवर बसला ते कळतं. दोन्हींच्या तेजाच्या प्रमाणावरून त्याहून मोलाची गोष्ट कळते : धक्का अणूच्या केंद्राला बसला, की भोवतीच्या इलेक्ट्रॉनला. कृष्णद्रव्य म्हणून ज्याच्यावर सर्वांत जास्त संशय आहे तो जड कण केंद्राला धडकेल अशी अपेक्षा. बाकीचा बहुतेक किरणोत्सर्ग इलेक्ट्रॉनांशी झोंबतो.

तत्त्व इतकं सोपं. अवघड आहे ते पुढचं.

गावाकडे रात्री वीज जाते तेव्हा फ्रीजची घरघर थांबते, आणि ती इतका वेळ चालू होती हे तेव्हा जाणवतं. मग भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. ते काढून ठेवलं तर वाशातला भुंगा. खडकानं म्युऑनांचा पाऊस अडवला की अगदी असंच होतं. खडकात युरेनियम आणि थोरियमचे अंश असतात. भांड्याच्या पोलादात असतात. स्क्रूमध्ये, वायरीच्या आवरणात, चमका टिपणाऱ्या नळ्यांच्या काचेत असतात. आणि माणूस? आपल्या हाडामांसातल्या पोटॅशियममुळे धडधाकट माणसाच्या शरीरात दर सेकंदाला चारेक हजार अणू फुटत असतात. म्हणजे पाळत ठेवणाराच सर्वांत जास्त गडबड करतो.

या सगळ्या नको असलेल्या खुणांना या क्षेत्रात ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. शब्द फार सौम्य आहे. मला विचाराल तर प्रयोगाचा नऊ-दशांश जीव तिथंच जातो.

शिशाचंच बघा. किरण अडवायला शिशासारखा धातू नाही, पण ताज्या शिशात शिसं-२१० हा किरणोत्सारी भाऊबंद मिसळलेला असतो. कुंपणच शेत खातं. त्याचं अर्धायुष्य २२ वर्षांचं, त्यामुळे जुनं शिसं शांत असतं आणि फार जुनं शिसं फार शांत. सार्डिनिया बेटाजवळ दोन हजार वर्षांपूर्वी शिशाच्या विटा घेऊन निघालेलं एक रोमन जहाज बुडालं होतं. समुद्राच्या पाण्यानं तेवढा काळ त्या विटांना वैश्विक किरणांपासूनही जपलं. २०१० मध्ये त्यातल्या १२० विटा ग्रान सासोला मिळाल्या, ‘क्युओरे’ या शेजारच्या न्यूट्रिनो-प्रयोगासाठी. विटांवरची रोमन अक्षरं कापून जपून ठेवली आणि उरलेलं शिसं वितळवलं. पुरातत्त्व आणि पदार्थविज्ञान यांच्यात इतका समजूतदार वाटणीपत्राचा व्यवहार क्वचितच झाला असेल.

झेनॉनची डोकेदुखी निराळी. तो हवेतूनच वेगळा काढतात, त्यामुळे सोबत थोडा क्रिप्टॉन येतो. त्यात किरणोत्सारी क्रिप्टॉन-८५ असतो, जो अणुभट्ट्यांतल्या वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करताना हवेत सुटतो. विसाव्या शतकानं हवेवर उमटवलेला हा ठसा पुसायला ऊर्ध्वपातनाचा उंच स्तंभ उभारावा लागला. क्रिप्टॉनचं प्रमाण लाख कोटी अणूंत एकाच्याही खाली आणलं गेलं. शिवाय रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहेच : तो पोलादातून, पंपांतून, सांध्यांतून झिरपत राहतो आणि एकदा धुऊन काढला तरी परत येतो. तो घालवायला पुढच्या यंत्रात आणखी एक स्तंभ.

खरा तोतया मात्र न्यूट्रॉन. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हा पेशवाईतल्या जाणत्या माणसांचीही ओळख पटवताना त्रेधा उडाली होती. न्यूट्रॉनचं सोंग तसंच आहे. तो विद्युतभाररहित आहे, केंद्रालाच धडकतो आणि अपेक्षित कृष्णकणासारखीच चमक देतो. फरक एवढाच, की तो बऱ्याचदा एकदा धडकून थांबत नाही, दुसरीकडेही आपटतो. दोनदा आपटला की सोंग उघडं पडतं.

कधी चोर अगदीच भलता निघतो. याच डोंगराखाली ‘क्रेस्ट’ प्रयोगात नीलमण्याचे स्फटिक परमशून्याजवळ थंड करून ठेवले होते. सुरुवातीला त्यात खुणांचा नुसता सडा पडू लागला. किरणोत्सर्गाशी त्यांचं काही जुळेना. शेवटी कळलं, की स्फटिक धरून ठेवणारी पकड जरा घट्ट होती आणि तिच्या दाबानं त्यांना सूक्ष्म तडे जात होते. पकड बदलली, सडा थांबला. त्या तड्यांच्या नोंदींवर पुढे एक शोधनिबंधही झाला.

आता त्या ५३ चमकांकडे येऊ. जून २०२० मध्ये, अर्धं जग घरात कोंडलेलं असताना, झेनॉन-वन-टीच्या गटानं एक आकडा जाहीर केला. साधारण वर्षभराच्या नोंदींत, अगदी कमी ऊर्जेच्या पट्ट्यात, ज्ञात कारणांनी सुमारे २३२ खुणा दिसायला हव्या होत्या. दिसल्या २८५. या चमका इलेक्ट्रॉनांच्या गटातल्या होत्या, म्हणजे नेहमीचा संशयित नव्हे. मग कोण? सूर्यातून येणारे अ‍ॅक्सिऑन नावाचे काल्पनिक कण? न्यूट्रिनोचा अनपेक्षित चुंबकी स्वभाव? दोन्हींपैकी काहीही खरं ठरलं असतं तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागली असती. सिद्धांतकारांनी निबंधांचा पूर आणला.

त्याच मूळ निबंधात गटानं स्वतःहून तिसरं नावही लिहिलं होतं : ट्रिटियम. म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ. किती ट्रिटियम असला तर हिशेब जुळेल? एक किलो झेनॉनमागे तीन अणूंहूनही कमी. एक किलो झेनॉनमध्ये किती अणू असतात? ४६ वर २३ शून्यं. त्या गर्दीत तिघं घुसले असतील, तर ते शोधून काढणारं दुसरं कुठलंही उपकरण जगात नव्हतं. आरोपीला पकडायला तोच एक साक्षीदार, आणि साक्ष त्याचीच संशयास्पद. हे वाचल्यापासून ‘शुद्ध’ हा शब्द मी जरा जपूनच वापरतो.

निकाल लावायचा मार्ग एकच होता, आणखी शांत यंत्र. त्याच टाकीत ‘झेनॉन-एन-टी’ उभं राहिलं. यात पाळतीखालचा झेनॉन जवळजवळ सहा टन. ट्रिटियम चिकटून राहू नये म्हणून भांडं महिनोन्‌महिने निर्वात करून सुकवलं. नंतर काही दिवस मुद्दाम वायू शुद्ध करणारी एक गाळणी वगळूनही पाहिलं, ट्रिटियम असलाच तर वाढून दिसावा म्हणून. जुलै २०२२ मध्ये निकाल आला. त्या पट्ट्यातला गोंगाट आधीच्या पाचव्या हिश्श्यावर उतरला होता आणि जास्तीच्या चमका नाहीशा झाल्या होत्या. अ‍ॅक्सिऑन गेले. आधीच्या भांड्यात बहुधा ट्रिटियमचे ते मूठभर अणूच होते. काहींना हा अपेक्षाभंग वाटला. मला तर यातच गंमत वाटते : किलोमागे तीन अणूंची चाहूल लागण्याइतकं तीक्ष्ण काही माणसानं घडवलं आहे.

या शांततेत भलत्याच गोष्टी ऐकू येतात. झेनॉन-१२४ हा वरवर स्थिर वाटणारा अणूही फुटतो, हे २०१९ मध्ये झेनॉन-वन-टीनंच थेट पाहिलं. त्याचं अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या लाख कोटी पटींहून जास्त आहे, तरी टनावारी झेनॉन एकत्र ठेवला की वर्षात काही अणूंची पाळी येतेच. आणि नव्या यंत्रात? बाकीचा गोंगाट इतका कमी झाला, की हाच दुर्मीळ क्षय तिथं बॅकग्राउंडचा ठळक भाग होऊन बसला.

न्यूट्रिनोंचंही असंच. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरून म्युऑन मोजत होते. जितकं खोल जावं तितके म्युऑन विरळ होत गेले, आणि तीच शांतता न्यूट्रिनोंसाठी कामी आली. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या अगदी पहिल्या खुणांपैकी काही १९६५ मध्ये जगाला तिथून मिळाल्या. त्या काळी न्यूट्रिनो दिसणं म्हणजे दिवाळी. कृष्णद्रव्य शोधणाऱ्यांना मात्र आता तो अडचणीचा पाहुणा वाटतो. त्याला कुठलाच डोंगर अडवत नाही, रोमन शिसंही नाही. सूर्याकडून आपल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो येतात. रात्री येतात तेव्हा पृथ्वी ओलांडून पायाकडून येतात. त्यातला एखादा झेनॉनच्या केंद्राला हलकासा धक्का देतो, आणि ती चमक हलक्या कृष्णकणाच्या चमकेसारखीच दिसते. या मर्यादेला वैज्ञानिक ‘न्यूट्रिनोंचं धुकं’ म्हणतात.

जुलै २०२४ मध्ये त्या धुक्याचे पहिले तुषार दिसले. घोषणा झाली लाक्विलातल्याच परिषदेत, डोंगराच्या पायथ्याशी. झेनॉन-एन-टीच्या हिशेबात बाकीच्या कारणांनी सुमारे २६ खुणा बसत होत्या. नोंदल्या गेल्या ३७. चीनमधल्या जिनपिंगच्या भुयारातल्या पांडा-एक्स गटालाही तशाच खुणा मिळाल्या होत्या. या वेळच्या जास्तीच्या अकरा चमका बहुधा सूर्याच्या होत्या.