बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सुरतेच्या गोडादऱ्यात सकाळची वेळ दुचाकींची. कुणाला पर्वत पाटियामार्गे रिंग रोडच्या कापड मार्केटात पोचायचं असतं, कुणाला उधन्याला लूमवर. अशा वेळी सेल्फ दाबला आणि नुसतं ‘टक’ वाजलं, की आजूबाजूचे लगेच सांगून मोकळे होतात, "बॅटरी गेली." मग खिशाला चाट. दोष मात्र बऱ्याचदा भलतीकडेच असतो.

गैरसमज : टकटक वाजतंय, म्हणजे बॅटरी संपली.
वस्तुस्थिती : तो आवाज रिलेचा. मोटरला पुरेसा करंट पोचत नाही, एवढंच त्यातून कळतं. सेल्फ दाबताना न्यूट्रलच्या हिरव्या दिव्याकडे बघा. दिवा विझू विझू झाला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवा ठणठणीत आणि इंजिन मात्र ढिम्म, तर रिले किंवा सेल्फची मोटर तपासायची. ‘टक’सुद्धा नसेल, तर आधी किल स्विच, फ्यूज, क्लचचा आणि साइड स्टँडचा स्विच पाहा.
टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, बोल्ट घट्ट आवळा, वरून थोडं व्हॅसलीन लावा. जोडताना पॉझिटिव्ह आधी.

गैरसमज : मीटरवर 12 आले, म्हणजे बॅटरी उत्तम.
वस्तुस्थिती : बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्टचे. म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी काही तास गाडी बंद राहिल्यावर 12.6 ते 12.8 दाखवते. 12.0 म्हणजे ती बरीचशी रिकामी. दुसरा आकडा सेल्फ दाबतानाचा: साधारण 9.6 च्या खाली घसरता कामा नये. तिसरा, इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावरचा: 13.5 ते 14.5. तो 13 च्या आतच राहिला, तर चार्जिंग कॉइल, रेक्टिफायर किंवा वायरिंगमध्ये दोष आहे. 15 च्या वर गेला, तर रेक्टिफायर बॅटरीला अक्षरशः उकळवतोय. अशा गाडीत नवी बॅटरी घातली, तरी तीही लवकरच जाणार.

गैरसमज : बॅटरीला थंडी मारते.
वस्तुस्थिती : थंडीत बॅटरीची ताकद कमी पडते, म्हणून जुना आजार तेव्हा उघडा पडतो. खरं नुकसान उन्हाळ्यात होऊन गेलेलं असतं. तापमान कायम 10 अंशांनी जास्त राहिलं, तर लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. सुरतेच्या एप्रिल-मेमध्ये गाडी सावलीत लावा. झाकणांची बॅटरी असेल, तर पाण्याची पातळी बघत जा. भरायचं ते फक्त डिस्टिल्ड पाणी. नळाचं नाही आणि ॲसिड तर मुळीच नाही. सीलबंद बॅटरी उघडायचीच नसते.

गैरसमज : गावाहून आलो, की अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, झाली चार्ज.
वस्तुस्थिती : मे महिन्यात उधना-जळगाव मार्गावरची गाडी पकडून घरदार नंदुरबार, अमळनेरला जातं आणि बाइक महिनाभर खाली कुलपात राहते. बॅटरी आपोआप उतरत जाते. जीपीएस किंवा अलार्म बसवला असेल, तर आणखी लवकर. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात. उभ्या गाडीच्या मंद इंजिनातून चार्जिंग जेमतेम मिळतं. त्यात 2017 नंतरच्या गाड्यांना हेडलाइट सतत चालू. त्यापेक्षा चार्जरवर हळूहळू चार्ज करून घ्या. करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे 4 एएचच्या बॅटरीला 0.4 अँपिअर. घाईचं चार्जिंग लहान बॅटरीला मारक. गावी जाताना निगेटिव्ह वायर काढून ठेवली, तर हा खटाटोपच नको.

गैरसमज : किक आहे, मग बॅटरी कशाला?
वस्तुस्थिती : जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्यांना हे लागू होतं. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. त्यातला पेट्रोल पंप विजेवर चालतो. चावी फिरवल्यावर एक-दोन सेकंद ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो, तो त्या पंपाचा. तो आलाच नाही, तर किका मारून पाय दुखेल, गाडी सुरू होणार नाही.

गैरसमज : पाण्यात बंद पडली, तर सेल्फ मारत राहायचं.
वस्तुस्थिती : मिठी खाडी भरली, की पर्वत गाम, लिंबायत भागात रस्ते बुडतात. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं असेल, तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी आणा आणि प्लग, फिल्टर मेकॅनिकला दाखवा.

बॅटरी कधी बदलायची? पूर्ण चार्ज करून, टर्मिनल साफ करूनही सेल्फ दाबताच आकडा 9.6 च्या खाली कोसळत असेल, तेव्हा. मेकॅनिकने "नवी टाका" म्हटलं, की तिन्ही आकडे मीटरवर दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. आतलं शिसं पुन्हा वापरात येतं, शिवाय तिच्या मोलाचे पैसेही नव्या बॅटरीच्या बिलातून वजा होतात.